पेल्यावालं रेकॉर्डिंग

"हळू बोला रे, काकांच्या कानात स्तोत्र चालू हाय," असं कारखान्यात कुणी म्हटलं की दिनानाथ घरतांचे कान गरम व्हायचे. कारण कानात स्तोत्र नव्हतंच. कानात जॅझ होतं.

पेणमध्ये गणपतीच्या कारखान्यांना तोटा नाही. माती मळणारे, साचे भरणारे, रंग मारणारे हात हवे तेवढे मिळतील. पण डोळ्यांची आखणी हे काम ज्याचं त्यालाच जमतं. दिनानाथांना ते जमत होतं. त्यांनी डोळे काढलेली मूर्ती घरात कुठूनही बघा, ती तुमच्याकडेच बघते, असं लोक म्हणत. लोक काय, काहीही म्हणतात. पण दिनानाथांच्या हातात काहीतरी होतं हे खरं. ते कुठून आलं, हे मात्र फक्त त्यांना आणि त्यांच्या बायकोला, नूतनला, ठाऊक होतं.

ते आलं होतं एका खोक्यातून. लग्नाच्या बँडमध्ये ट्रंपेट वाजवणारा गोव्याचा एक म्हातारा पेण सोडून गावी गेला, तेव्हा आपला कॅसेटचा खोका तरुण दिनानाथांच्या कारखान्यात ठेवून गेला. पुढे कॅसेटी गेल्या, तेच वादन मोबाईलवर आलं आणि कानात वायरी आल्या. इंग्रजी नावं लक्षात ठेवायच्या भानगडीत दिनानाथ कधी पडले नाहीत. रेकॉर्डिंगांची बारशी त्यांनी स्वतःच केली. एकात तो मोठा तंतुवाद्यवाला मध्येच खोकतो, ते 'खोकलेकर'. एकात ट्रंपेट नवऱ्याला झापल्यासारखा कडाडतो आणि सॅक्सोफोन खालच्या आवाजात, पण शेवटचा शब्द आपलाच ठेवून, उत्तर देतो, ते 'भांडण'. एक 'म्हशीवालं', त्यातलं ते लांब नळीचं वाद्य अगदी तिन्हीसांजेला गोठ्यात हंबरावं तसं हंबरतं. सोंडेचं वळण म्हशीवाल्यावर, दागिने भांडणावर, भुवया खोकलेकरावर, असं सगळं ठरलेलं असे.

डोळ्यांसाठी मात्र एकच: पेल्यावालं. ते फार जुनं, कुठल्याशा अमेरिकन हॉटेलात वाजलेलं. लोक खाताहेत, पिताहेत, कुणी हसतंय, आणि एक माणूस सॅक्सोफोन इतका सावकाश वाजवतोय की जणू त्याला घरी जायचंच नाही. मध्येच कुणाच्या तरी हातून पेला पडतो. खळ्ळ! वाजवणारा एक श्वास थांबतो, आणि पुढचा सूर असा काढतो की तो पेला पडायचाच होता. हे ऐकताना दिनानाथांच्या अंगावर दर वेळी काटा यायचा. म्हणून पेला पडायच्या जरा आधी ते ब्रश उचलून हवेत धरत. पेला पडला, श्वास झाला, सूर आला, की ब्रश पुन्हा डोळ्यावर. इतक्या वर्षांत एकदाही चुकलं नव्हतं.

चुकलं ते तोंड. एकदा एका गिऱ्हाइकानं हात जोडून विचारलं, "काका, डोळे काढताना काय ऐकता?" आता समोर बाप्पा आणि कानात दारूचे पेले. दिनानाथांच्या तोंडून निघून गेलं, "स्तोत्र. दुसरं काय ऐकणार?" झालं! त्या भल्या माणसानं त्यांचा व्हिडिओ काढला. डोळे अर्धवट मिटून, ठेक्यावर मान डोलवत ब्रश चालवणारे दिनानाथ पनवेलपासून माणगावपर्यंत मोबाईलांवर फिरले. माणसं मुलाबाळांना घेऊन बघायला येऊ लागली. कुणी दारातूनच नमस्कार करून जाई. तो नमस्कार दिनानाथांना चटक्यासारखा लागे. पण आता सांगणार कसं, आणि कुणाला?

त्यात सुरभीचं जमलं. सुरभी त्यांची मुलगी. मुलगा रोह्याचा, प्रणित. कंपनीत कामाला, शिफ्टमध्ये. पोरगा सरळ, त्याचे वडील दत्तात्रेय शांत, आई अनिता हसतमुख. पण त्या घरात होकार-नकार चालतो तो आजीचा. ठमाबाईंचा. ठमाबाईंनी तो व्हिडिओ बघितला आणि पोरगी बघायच्या आधीच म्हणाल्या, "ज्या घरात बाप असा, त्या घरची पोर कशी असंल ते बघाया कशाला पायजे?" गणपती उठले की साखरपुडा, असं ठरलं. तेव्हापासून दिनानाथांना जेवण गोड लागेना.

"अहो, खरं काय ते सांगून टाका त्यांना," नूतन म्हणे.

"सांगतो ना. साखरपुडा झाला की सांगतो."

"म्हणजे फसवून झाल्यावर."

यावर दिनानाथ कानात वायरी घालत.

यंदा ठमाबाईंनी आपल्या घरची मूर्ती दिनानाथांकडे सांगितली, वर अट घातली: डोळे माझ्यासमोर काढायचे. त्यामुळे सगळ्या मूर्ती गेल्या, ती एक बिनडोळ्यांची राहिली. हरतालिकेच्या दुपारी ठमाबाई दत्तात्रेयांसोबत टेम्पो घेऊन हजर झाल्या. नऊवारी नेसलेल्या, हातात माळ. येऊन थेट दिनानाथांच्या कोपराशी उभ्या.

"लावा तुमचं स्तोत्र. माझी अडचण समजू नका."

"आजी, आज नुसतंच करतो की..."

"नाय नाय. जसं चालतं तसं चालू द्या. मी बी म्हणते मनातल्या मनात."

दिनानाथांनी मोबाईल उलटा ठेवला, वायरी कानात घातल्या आणि घामेजल्या हातानं ब्रश धरला. सॅक्सोफोन सुरू झाला. उजवा डोळा असा उतरला की त्यांचं त्यांनाच बरं वाटलं. डाव्याची पापणी घेताना सहज बाजूला नजर गेली. ठमाबाईंनी डोळे मिटले होते, हात जोडले होते, ओठ भराभर हलत होते. इतकी निर्मळ म्हातारी इथं स्तोत्र म्हणतेय आणि आपण हॉटेलात बसलोय, या विचारानं दिनानाथांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आवाज बाहेर तर जात नाही ना, म्हणून त्यांनी वायर चाचपली. ती चाचपण्यात ठेका हुकला, आणि ब्रश डोळ्यावर असतानाच पेला पडला.

हात उडाला. वरची पापणी सरळ खाली, डोळ्याच्या निम्म्यावर येऊन टेकली.

"झालं?" ठमाबाईंनी डोळे उघडायच्या आत विचारलं.

त्याच वेळी "थांबा, चुकलं" असं म्हटलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं. पण मग का चुकलं, तेही सांगावं लागलं असतं. दिनानाथांनी खांद्यावरचा नवा रुमाल काढून, रंगाला टेकणार नाही असा सैल, बाप्पाच्या चेहऱ्यावर बांधला.

"झालं," ते म्हणाले. "पण ओलं आहे. उद्या सकाळी मी स्वतः आणून देतो."

"उद्या? चतुर्थीला हायवेला गाड्या कशा तुंबतात ठाव नाय का? आन् आज न्यायचा ठरलाय तो आजच. दत्ता, उचल रे!"

"गणपती बाप्पा मोरया!" म्हणून दत्तात्रेयांनी पाट उचलला. दिनानाथ हातात ब्रश घेऊन टेम्पो वळेपर्यंत रस्त्यात उभे राहिले.

नूतननं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे डोळा मारतोय?"

"मारत नाय गो. अर्धा मिटलाय."

"एकच?"

"एकच."

"मग मारतोयच."

"हळू बोल! सुरभी ऐकेल."

"आत्ताच्या आत्ता फोन लावा त्यांना."

"काय सांगू? हॉटेलात पेला पडला म्हणून?"

नूतनला हसू आलं, आणि नवऱ्याचा चेहरा बघून ते तिनं गिळलं. "एकदा का भटजींनी प्राणप्रतिष्ठा केली," ती म्हणाली, "की मग मूर्तीला हात लावता येणार नाय. विसर्जनापर्यंत तसाच बघत राहील तो. सगळं रोहा दर्शनाला येणार त्यांच्याकडं."

हे दिनानाथांना कळत नव्हतं का? चतुर्थीला उजाडताच त्यांनी पांढरा शर्ट चढवला, खिशात काळ्या रंगाची बाटली आणि ब्रश, डब्यात अंगाचा रंग आणि पांढरा घेतला आणि मोटारसायकलला किक मारली. नागोठण्याच्या अलीकडे एका खड्ड्यात गाडी अशी आपटली की बाटलीचं बूच उडालं. रोह्यात शिरले तेव्हा शर्टावर खिशापासून पोटापर्यंत काळा ओघळ होता.

दारात प्रणित होता. त्यानं वाकून नमस्कार केला, दोन पावलं मागं जाऊन परत एकदा केला. आत दत्तात्रेय, ज्यांच्या गालात कायम तंबाखू असायची, ते स्वच्छ तोंडानं नारळ खवत बसले होते. एरवी फोन न सोडणारी अनिता कुणाशी फोनवर न बोलता मोदक वळत होती. घरात इतकी शिस्त दिनानाथांनी आजवर बघितली नव्हती. पण त्यांचं लक्ष मखराकडे होतं. बाप्पाच्या चेहऱ्यावर रुमाल होता आणि भटजी अजून आले नव्हते. चतुर्थीला भटजींना उशीर होतो, हे देवाचे उपकारच.

"काय वो, शर्टाला काय झालं?" ठमाबाई आतून आल्या. त्यांचाही चेहरा ओढलेला होता.

"रंग सांडला. आजी, मला बाप्पापाशी थोडा वेळ एकटं बसू द्या. डोळ्यांना..." इथं खरं बोलायची शेवटची संधी होती. दिनानाथांनी ती घालवली. "डोळ्यांना शेवटचा हात मी चतुर्थीलाच देतो. तशी रीत आहे आमची."

 एकदम ठमाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

"ऐकलंस दत्ता? त्या शेवटच्या हातासाठी हा माणूस पेणवरून आलाय. आन् म्हणं एकटं बसू द्या! एकटं कशापायी? असं कधी बघाया मिळतं? अनिता गो, आळीतल्या बायकांना हाक मार!"

"नको, नको आजी..."

पण आळी जमलीसुद्धा. बायका, म्हातारे, कडेवरची पोरं. सगळे हात जोडून बसले. दिनानाथ मखरासमोर मांडी घालून बसले तेव्हा त्यांच्या पाठीला घामाची धार लागली होती.

"स्तोत्र लावा ना काका," प्रणित म्हणाला. होणाऱ्या सासऱ्यांसाठी काहीतरी करायची त्याला कधीची घाई होती. "आज कानात कशाला? सगळ्यांनी ऐकू दे. आपला आरतीचा मोठा स्पीकर हाय."

"मोबाईलची बॅटरी संपलीय."

आणि नेमका मोबाईल वाजला. नूतन होती, झालं का, हे विचारायला. सगळ्या आळीनं तो वाजताना ऐकला. दिनानाथांनी तो बंद करायला खिशातून काढला, तोवर प्रणितनं "द्या, मी लावतो," म्हणून हातातून घेतलाही. स्पीकर जोडला. शेवटी जे चालू होतं तेच पुन्हा चालू झालं.

सॅक्सोफोन घुमू लागला. मागं पियानो. लोकांनी डोळे मिटले.

"आधी वाद्यं असतात बहुतेक," कुणीतरी कुजबुजलं.

"दक्षिणेकडच्या पद्धतीचं असंल," एका आजोबांनी माहिती दिली. "तिकडं नादस्वरम् असतो."

दिनानाथांना वाटलं, जमीन दुभंगावी. मखराची माती व्हावी आणि आपण तिच्यात मिसळून जावं. हॉटेलातला तो कुणीतरी खो-खो हसला. एका बाईनं डोळा किलकिला केला. एक पोर ठेक्यावर टाळ्या वाजवू लागलं. सॅक्सोफोन सावकाश, आपल्याच तंद्रीत, त्या जागेकडे निघाला होता. आणि आता काय होणार, हे त्या सगळ्या घरात एकट्या दिनानाथांना माहीत होतं.

खळ्ळ!

"अनिता गो, काय फोडलंस?" ठमाबाई ओरडल्या.

"मी नाय वो आई! मी इथंच बसलेय!"

"मग कोणी फोडलं?"

"मी," दिनानाथ म्हणाले.

प्रणितनं स्पीकर बंद केला. सगळे दिनानाथांच्या हाताकडे बघत होते. हातात तर नुसता ब्रश होता. त्यांना मान वर करता येईना. शर्टावरच्या काळ्या ओघळाकडे बघत ते बोलत गेले. "हे स्तोत्र नाय. स्तोत्र मी कधीच लावलं नाय. हे अमेरिकेतल्या हॉटेलातलं वाजवणं आहे, लोक तिथं पितात, त्यातलाच कुणाचा तरी पेला पडतो. डोळे काढताना मी हेच ऐकतो. विचारलं तेव्हा खोटं बोललो, आणि मग खोटंच बोलत राहिलो. काल आजी बाजूला उभ्या होत्या, मला लाज वाटली, लक्ष हललं आणि डोळा बिघडला. तो कुणाला न कळता सुधारायला आलो होतो. शेवटचा हात वगैरे काही रीत नाय आमची. सुरभीला यातलं काही माहीत नाय. माझ्या खोटेपणाची शिक्षा तिला देऊ नका, एवढंच."

 दत्तात्रेयांनी खोबऱ्याची परात उगाच सरकवली. प्रणित स्पीकरची वायर गुंडाळत राहिला. आळीतल्या त्या आजोबांनी, ज्यांनी नादस्वरम् ओळखला होता, टोपी काढून पुन्हा घातली.

ठमाबाई उठल्या. "सगळी बाहेर व्हा," त्या म्हणाल्या. "दत्ता, तू बी. मला या माणसाशी बोलायचंय."

घर रिकामं झालं. ठमाबाईंनी दार लोटलं, मखरापाशी आल्या आणि बाप्पाच्या चेहऱ्यावरचा रुमाल सोडला. उजवा डोळा शांत, दयाळू, दिनानाथांनी आजवर काढलेला सगळ्यात सुंदर. डावा अर्धा मिटलेला. बाप्पा साक्षात डोळा मारत होता. "काय, कसं काय?" असं विचारत असल्यासारखा.

"मला माफ करा आजी."

"गप बसा जरा." ठमाबाई दिनानाथांच्या शेजारी खाली बसल्या. रुमालाची घडी घातली. मग आवाज अगदी खाली आणून म्हणाल्या, "सकाळी अंघोळ करून आले. मनात आलं, सगळ्यांच्या आधी आपण दर्शन घ्यावं. रुमाल उचलला तर यानं माझ्याकडं बघून डोळा मारला. रुमाल तसाच परत बांधला. म्हटलं, कळलं याला."

"काय कळलं?"

ठमाबाईंनी दाराकडे नजर टाकली. "मला स्तोत्र येत नाय."

दिनानाथांना वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"लगीन होऊन आले तवाच सासूनं विचारलं, येतं का गो? मी म्हटलं, येतं. नवी नवरी, नाय कसं म्हणणार? मग म्हणाया लावलं. चार बायकांत ओठ हलवले, भागलं. तवापासून हलवतेच हाय. साऱ्या रोह्यात मला म्हणतात, आजी किती मनापासून म्हणते! काल तुमच्या शेजारी उभी राहून बी तेच केलं. आन् मनात म्हणत होते, हा माणूस किती खरा, आन् आपण अशा."

 हसावं तर समोर देव, रडावं तर समोर म्हातारी. त्यांना काल नजरेस पडलेले ते भराभर हलणारे ओठ आठवले, ज्यांच्यापायी हा सगळा घोळ झाला होता.

"आणि घरच्यांनी बघितला डोळा?" त्यांनी विचारलं.

"माझ्यामागं एकेकानं चोरून बघितलाय. कोण काय बोललं नाय. पण दत्तानं तंबाखूची डबी सकाळीच ओढ्यात टाकली." ठमाबाईंच्या ओठांच्या कडा हलल्या. "बाकीच्यांचं त्यांना ठाव."

बाहेर गलका झाला. "भटजी आले! भटजी आले!" दिनानाथांनी घाईनं डबा उघडला, ब्रश ओला केला. "आजी, लगेच करतो नीट. आत्ता होईल."

ठमाबाईंनी त्यांचा हात धरला.

"राहू द्या. यंदा असाच राहू द्या. पुढल्या वर्षी नीट काढा. तवर मी पाठ करते."

"आणि लोकांना काय सांगायचं?"

"लोकांना मी बघते. आन् साखरपुड्याला तुमची ती वाजंत्री लावा खुशाल. फकस्त तो पेला काढून टाका, अनिता घाबरते."

"पेला काढला तर त्यात काही राहत नाय आजी," दिनानाथ पोटतिडकीनं म्हणाले, आणि आपण काय बोललो हे लक्षात येऊन पुन्हा खाली बघू लागले.

दार उघडलं. भटजी घामाघूम होऊन पाटावर बसले. बाप्पाकडे बघून किंचित थबकले, मग दिनानाथांच्या शर्टाकडे, मग घड्याळाकडे बघितलं आणि पुढच्या घराच्या घाईनं मंत्र सुरू केले. स्तोत्राची वेळ आली तशी सगळी आळी एका सुरात म्हणू लागली. दिनानाथांना ते येत नव्हतं. सगळ्यांदेखत गप्प बसायची लाज वाटली, म्हणून त्यांनी हात जोडले आणि ओठ हलवायला सुरुवात केली.

मखराच्या पलीकडे ठमाबाई उभ्या होत्या. हात जोडलेले, मान ताठ, ओठ भराभर चाललेले. त्यांची नजर दिनानाथांच्या ओठांवर आली, तिथं जरा रेंगाळली. मग चेहऱ्यावरची भक्ती तसूभरही ढळू न देता ठमाबाईंनी डावा डोळा मारला.